न उघडणारा सांधा

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि पेट्रोलचा खर्च वाटून घेत एकाच मोटारीने कराडहून पाटणच्या बाजूस ये-जा करतो. मोटार आता बारा वर्षांची आहे. मागे एका पावसाळ्यात ती विचित्र वागू लागली. सकाळी थंड असताना ती बिनतक्रार सुरू होई. पण इंजिन तापले की अडखळे, काळसर धूर सोडी आणि चौकात वेग कमी केला की बंद पडे. पेट्रोलचा खप दीडपटीवर गेला. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून झाला, इंजिनाच्या तापमानाचा सेन्सर बदलून झाला आणि आठवडाभरात दुखणे परत आले. मग आम्हांस सांगण्यात आले की, इंजिनाची सगळी वायरिंगच बदलावी लागेल. खर्चाचा आकडा ऐकून 'विचार करून कळवतो' असे म्हणत आम्ही बाहेर पडलो.

अखेर मल्हारपेठेजवळ रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये ऑटो इलेक्ट्रिशियनचे काम करणाऱ्या एका मिस्त्रींनी गाडी पाहिली. सेन्सरकडे जाणाऱ्या दोन वायरी चिमटीत धरून त्यांनी हलवल्या, इंजिनाच्या आवाजातील बदल ऐकला आणि म्हणाले, "सर, सेन्सर चांगला हाय. कपलरमध्ये पाणी गेलंय." निदान पाच मिनिटांत झाले. तो कपलर सेन्सरवरून सोडवायला मात्र पाऊण तास लागला. त्याचे लॉक मागच्या बाजूला, रबरी नळीच्या आड, जिथे नजर पोहोचत नाही अशा जागी होते. उष्णतेने कडक झालेले प्लास्टिक अखेर मोडलेच. आत एक पिन हिरवी पडली होती आणि तिची पकड गेली होती. तशी पिन सुटी मिळत नाही, कपलर सुटा मिळत नाही. मिळते ती अखंड वायरिंग. मिस्त्रींनी भंगारातल्या एका गाडीचा तसाच कपलर वितभर वायरीसह कापून आणला, जोड दिला, वरून स्लीव चढवली. मजुरी घेताना ते म्हणाले, "बिघाड काढायला येळ न्हाई लागत, सर. उघडायला लागतो."

हे वाक्य आमच्या मनात राहिले. दोन वायरी जोडणारी वस्तू, जिचे कामच मुळी जोडणे आणि सोडणे हे आहे, ती सोडवणे इतके अवघड का असावे? हा केवळ आमच्या मोटारीचा दोष होता की या वस्तूच्या घडणीतच काही इतिहास दडलेला आहे? गेले काही महिने आम्ही या प्रश्नाचा जमेल तसा मागोवा घेतला. आमचा विषय साहित्य. त्यामुळे तंत्रज्ञांना यात नवे काही आढळणार नाही. पण वस्तूंनाही चरित्र असते, आणि ते बहुधा त्या वस्तू कोणाच्या सोयीसाठी घडल्या या प्रश्नाच्या उत्तरात सापडते, एवढे आम्हांस यातून उमगले.

आरंभीच्या मोटारीत वीज जवळजवळ नव्हतीच. ठिणगीसाठी मॅग्नेटो असे. रॉबर्ट बॉश यांच्या श्टुटगार्टच्या कारखान्याने १८९७ साली मोटारीच्या इंजिनावर मॅग्नेटो बसवला आणि १९०२ साली गोटलोब होनोल्ड या त्यांच्या अभियंत्याने उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. दिवे तेलाचे वा ॲसिटिलीनचे होते, भोंगा रबरी फुग्याचा होता आणि इंजिन हातातील हँडलने फिरवावे लागे. १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीवर चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर बसवला, आणि बॅटरी, डायनॅमो, दिवे व ठिणगी यांचा एकत्र संसार मोटारीत सुरू झाला. त्या काळातील सांधा म्हणजे पितळी खुंटी, तिच्यावर वायरीच्या टोकाचा वेढा आणि वरून घट्ट केलेला नट. तो डोळ्यांना दिसे, बोटांनी चाचपता येई आणि साध्या पान्याने उघडे. तो सैल होई, गंजे, पण स्वतःला लपवीत नसे.

आपल्याकडील दोन पिढ्यांच्या मिस्त्रींचे शिक्षण याच कुळातल्या सांध्यांवर झाले. उत्तरपाऱ्यात तयार होणारी ॲम्बेसेडर ही मूळची ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड आणि मुंबईच्या कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ही मूळची इटालियन फियाट ११००. ब्रिटिश मोटारींच्या विद्युत सामग्रीवर बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास कंपनीची छाप होती. त्याच कंपनीच्या भागीदारीतून १९६१ साली मद्रासमध्ये लुकास-टीव्हीएस उभी राहिली. लुकासच्या पद्धतीत वायरीच्या टोकाला पितळी गोळीसारखा तुकडा बसवत आणि तो रबरी आवरणाच्या नळीत दाबत. दुसऱ्या बाजूने दुसरी गोळी आली की सांधा पूर्ण. ही नळी ओलाव्याने गंजे आणि दिवे मंदावत. म्हणून इंग्रज मोटारप्रेमींनी लुकासला 'अंधाराचा राजपुत्र' अशी थट्टेची पदवी बहाल केली. पण गोळी ओढली की निघे. पॉलिश पेपरने घासली, नळी चिमटली की दिवा पुन्हा लागे. शिवाय वायरीचे रंग बोलके होते: तपकिरी म्हणजे थेट बॅटरीचा, पांढरा म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा, हिरवा म्हणजे त्यापुढे फ्यूजमधून आलेला, काळा म्हणजे अर्थिंगचा. ज्याला हे रंग पाठ, त्याला नकाशाची गरज नसे. अक्षरओळख नसलेला मनुष्यही या भाषेत निष्णात होऊ शकत होता, आणि अनेक जण झाले.

जर्मनांनी हेच काम आकड्यांनी केले. डीआयएन ७२५५२ या त्यांच्या मानकात प्रत्येक टोकाला क्रमांक आहे: ३० म्हणजे थेट बॅटरी, १५ म्हणजे किल्लीनंतरचा प्रवाह, ३१ म्हणजे अर्थिंग, ५० म्हणजे स्टार्टर, आणि रिलेवरील ८५, ८६, ८७ हे आकडे तर आज आपल्याकडच्या कोणत्याही इलेक्ट्रिशियनला तोंडपाठ असतात. कित्येकांना ते जर्मनीतून आले हे ठाऊकही नसेल. रंग असोत वा आकडे, मुद्दा एकच की, सांधा कोणाचा कोणाशी आहे हे जाणण्याची किल्ली बाजारात खुली होती.

सांध्याचे रूप बदलण्याची खरी सुरुवात अमेरिकेत, आणि तीही मोटारीच्या नव्हे, युद्धाच्या निमित्ताने झाली. १९४१ साली ॲन्कस व्हिटेकर यांनी 'एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स' ही कंपनी काढली; तीच पुढे एएमपी या आद्याक्षरांनी ओळखली गेली. विमाने आणि जहाजे घाईने बांधायची होती. प्रत्येक वायरीच्या टोकाला डाख देत बसणे परवडणारे नव्हते, आणि सतत थरथरणाऱ्या यंत्रात डाख दिलेली वायर डाखाच्या कडेशी तुटते. त्यावर उपाय म्हणजे क्रिंपिंग: धातूची छोटी टोपी वायरीच्या उघड्या तारांवर ठेवून ठरावीक साच्याच्या पक्कडीने इतक्या जोराने दाबायची की, तारा आणि टोपी यांच्यात हवेलाही वाव राहू नये. जिथे हवा नाही तिथे गंज नाही. हा सांधा डाखापेक्षा टिकाऊ ठरला. पण त्याची अट कडक आहे. साचा बरोबर हवा आणि दाब बरोबर हवा. साध्या पक्कडीने चेपलेली टोपी वरून सारखीच दिसते आणि सहा महिन्यांनी सैल होते. शिवाय एकदा दाबलेली टोपी उलगडून पुन्हा वापरता येत नाही. दुरुस्तीच्या दृष्टीने पाहिले तर येथेच पहिले दार बंद झाले.

युद्धानंतर हे तंत्र मोटारीत आले. पाव इंच, म्हणजे ६.३ मिलिमीटर रुंदीचे चपटे पाते आणि त्यावर सरकणारी तिची जोडीदार हा सांधा जगभर पसरला. आपल्याकडे रिले, हॉर्न, फ्यूज यांवर तो आजही दिसतो. त्याचे कारण उघड आहे. नट घट्ट करायला काही सेकंद लागतात, पाते सरकवायला एक क्षण. एका मोटारीत असे शेकडो सांधे आणि दिवसाला शेकडो मोटारी असा हिशेब केला की, त्या सेकंदांचे मोल कारखानदारास कळते. जनरल मोटर्सने ओहायोमधील पॅकार्ड इलेक्ट्रिक ही वायरी बनवणारी जुनी कंपनी १९३२ सालीच विकत घेतली होती. वायरींचा जुडगा बाहेर आधीच गुंफून तयार ठेवावा, आणि असेंब्ली लाइनवर तो उचलून नुसता जागोजाग टोचावा, ही पद्धत अशा विशेषज्ञ कारखान्यांनी रुळवली. या जुडग्याला हार्नेस म्हणतात. हार्नेस म्हणजे घोड्याचा साज. शब्द बग्गीच्या काळातला, वस्तू विसाव्या शतकातली.

पुढचा टप्पा हवेच्या प्रदूषणाने घडवला. कॅलिफोर्नियाने आणि मग अमेरिकेच्या केंद्र सरकारने धुरावर मर्यादा घातल्या. कार्बोरेटरला त्या पाळणे जड जाऊ लागले. १९६७ साली बॉशने डी-जेट्रॉनिक ही विजेने नियंत्रित होणारी इंधनप्रणाली आणली आणि ती फोक्सवॅगनच्या १६०० या मोटारीवर अमेरिकेत विकली गेली. आता इंजिनाचे तापमान, हवेचा दाब, थ्रॉटलची स्थिती या गोष्टी वायरींमधून एका पेटीकडे जाऊ लागल्या आणि ती पेटी पेट्रोल किती सोडायचे ते ठरवू लागली. बॉशच्या इंजेक्टरवरचा दोन पिनांचा कपलर त्या घराण्याचा आद्यपुरुष म्हणता येईल. त्याच्याभोवती तारेची एक बारीक क्लिप असे. ती काढताना उडून इंजिनाच्या पोटात गडप होते, हा जगभरातल्या मेकॅनिकांचा सामायिक अनुभव आहे.

येथे सांध्याचा स्वभावच पालटला, आणि आमच्या मोटारीचे दुखणे समजून घ्यायचे तर हा पालट नीट पाहायला हवा. हेडलाइटचा ५५ वॉटचा दिवा १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो. त्याच्या सांध्यावर गंज चढला तर दिवा मंद होतो, सांधा तापतो, कधी वितळतो. म्हणजे बिघाड स्वतःची जागा दाखवतो. तापमानाच्या सेन्सरचे तसे नाही. तो स्वतः काही ओढीत नाही. इंजिन थंड असताना त्याचा विद्युतरोध दोन-अडीच हजार ओहम असतो आणि इंजिन तापले की तो तीनशेच्या आसपास उतरतो. या रोधावरून पेटी तापमान ओळखते. आता कपलरमधल्या हिरव्या पिनेने वाटेत हजार ओहमची भर घातली तर काय होईल? पेटीला वाटेल की, इंजिन अजून थंडच आहे. ती जादा पेट्रोल सोडत राहील. सेन्सर निर्दोष, पेटी निर्दोष, इंजिन निर्दोष, आणि तरीही गाडी काळा धूर सोडत बंद पडेल. स्कॅनर फार तर तापमानाच्या वाटेत गडबड आहे एवढे सांगेल. ती वाट सेन्सर, कपलर, वायर आणि पेटी अशा चारही ठिकाणांहून जाते. वर्कशॉपने त्यातील जो भाग सुटा मिळतो तो बदलला. जो सुटा मिळत नाही, तोच बिघडला होता.

गंजाखेरीज आणखी एक सूक्ष्म शत्रू आहे. स्वस्त पिनांवर कथिलाचा मुलामा असतो. इंजिनाच्या थरथरीने दोन पिना एकमेकींवर काही सहस्रांश मिलिमीटर घासत राहतात. प्रत्येक घासण्यात मुलाम्याचा कण सुटतो, हवेशी संयोग पावून कडक बनतो आणि दोहोंच्या मध्ये साचतो. उघड्या डोळ्यांना फार तर एक काळा ठिपका दिसतो. कपलर काढून परत बसवला की, त्या हालचालीने ठिपका पुसला जातो आणि गाडी 'आपोआप' बरी होते. काही आठवड्यांनी दुखणे परत येते आणि नव्याने बदललेल्या निरपराध भागावर ठपका बसतो.

ओलावा आणि थरथर यांचा बंदोबस्त करण्यासाठी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून रबरी सीलबंद कपलर आले; पॅकार्ड इलेक्ट्रिकचे वेदर-पॅक हे त्यातील गाजलेले नाव. प्रत्येक वायरीला रबरी कडे, दोन अर्ध्या भागांमध्ये रबरी गॅस्केट, बाहेर सुटू नये म्हणून लॉक, आणि पिन मागे सरकू नये म्हणून आतून दुसरे लॉक. यातील प्रत्येक भर सकारण होती, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. आजच्या मोटारीत जुन्या ॲम्बेसेडरच्या अनेकपट सांधे असतात आणि तरीही ती भर पावसात कोयनेच्या खोऱ्यातून वर्षानुवर्षे धावते, हे याच सीलबंद कपलरांचे श्रेय आहे. जुन्या मोटारींचे पितळी सांधे प्रेमाने आठवणाऱ्यांनी पावसाळ्यात त्या गाड्यांना किती जणांनी ढकलले आहे हेही आठवावे.

पण हा बंदोबस्त करताना एक माणूस आराखड्यातून वगळला गेला. त्याची जागा कोठे हुकली हे पाहायचे तर कपलर उघडताना काय काय घडते ते क्रमाने पाहावे. पहिली अडचण लॉकची. बहुतेक कारखान्यांत इंजिन मोटारीबाहेर, चारही बाजूंनी मोकळे असताना त्यावर वायरिंग चढवतात आणि मग ते इंजिन गाडीत उतरवतात. कपलर लावणाऱ्या कामगारासमोर लॉक असते. तेच लॉक गाडीत गेल्यावर पत्र्याच्या भिंतीकडे तोंड करते. लावताना 'टक' असा आवाज आला की काम झाले. काढताना कोणता आवाज यावा याचा विचार आराखड्यात नाही. दुसरी अडचण प्लास्टिकची. इंजिनाशेजारी दहा-बारा वर्षे तापून-निवून नायलॉन ठिसूळ होते. जे लॉक नवे असताना लवत होते, ते आता मोडते. तिसरी अडचण पिनेची. ती आतल्या बारीक जिभळीने अडकलेली असते आणि सोडवण्यासाठी प्रत्येक जातीच्या कपलरला वेगळे, पातळ हत्यार लागते. ते नसल्याने आपले मिस्त्री छत्रीची काडी घासून वापरतात, हॅकसॉचे मोडके पाते वापरतात, कधी गोधडीची सुई वापरतात. चौथी अडचण तपासणीची. कपलर उघडत नाही म्हणून वायरीच्या आवरणात टेस्ट लॅम्पची सुई टोचली, तर त्याच भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरते. मल्टिमीटरचे जाड टोक पिनेच्या तोंडात घातले, तर तोंड फाकते आणि नवा लूज कॉन्टॅक्ट जन्माला येतो. म्हणजे शोध घेणाराच बिघाड पेरतो.

भारतात हा पालट उशिरा आणि एकदम आला. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा तिच्यात प्लास्टिकचे कपलर होते, पण इंजिनाला कार्बोरेटर होता. जुने मिस्त्री थोड्या कुरकुरीनंतर तिच्याशी जुळवून घेऊ शकले. खरा धक्का एप्रिल १९९९ मधला. सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील नव्या खासगी मोटारींना आधी युरो-१ आणि मग १ एप्रिल २००० पासून युरो-२ मानके लागू केली, आणि देशभर 'भारत २०००' मानकेही त्याच सुमारास आली. दिल्लीच्या हवेच्या दृष्टीने निर्णय रास्त होता. त्यामुळे कार्बोरेटर मागे पडला आणि जे जर्मनीत व अमेरिकेत तीस वर्षांत झिरपत आले होते, ते आपल्या गॅरेजांत चार-दोन वर्षांत येऊन आदळले. वायरींचे रंग आता प्रत्येक कंपनीचे वेगळे, नकाशे कंपनीच्या कपाटात, आणि पेटीशी बोलायचे तर स्कॅनर हवा. त्यातच बॉशने १९८६ साली जाहीर केलेली 'कॅन' ही पद्धत मोटारीत रुळली. तिच्यात अनेक पेट्या दोन पिळलेल्या वायरींवरून एकमेकींशी बोलतात. त्यामुळे वायरी कमी झाल्या; पण त्या दोहोंपैकी एकीचा सांधा बिघडला, की डॅशबोर्डवर परस्परांशी संबंध नसलेले दिवे एकाच वेळी लागतात. बॅटरी काढून त्या दोन वायरींमध्ये साठ ओहम मोजले गेले तर मुख्य मार्ग शाबूत, एकशेवीस आले तर कोठेतरी एक टोक तुटलेले, ही साधी परीक्षा. ती मल्हारपेठच्या मिस्त्रींना ठाऊक आहे. कोणत्याही कोर्समध्ये नव्हे, मोबाइलवर हिंदी व्हिडिओ पाहून ते ही परीक्षा शिकले.

या इतिहासातील सर्वांत विलक्षण गोष्ट आम्हांस अशी वाटते की, जो हार्नेस उघडायला मानवी हात अपुरे पडतात, तो तयार मात्र अजूनही मुख्यतः हातानेच होतो. यंत्रमानवाला पत्रा जोडता येतो, रंग देता येतो. मऊ, वळणाऱ्या, गुंतणाऱ्या वायरी त्याला अद्याप नीट आवरत नाहीत. मोठ्या फळीवर खुंट्या मारून त्यांच्यामधून वायरी ओवणे, टेप गुंडाळणे, कपलरमध्ये एकेक पिन खोचणे हे काम जगभर माणसे करतात, आणि अनेक ठिकाणी त्यात स्त्रियांची संख्या मोठी असते. मजुरी कमी तेथे हे कारखाने जातात. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा पश्चिम युक्रेनमधील हार्नेसचे कारखाने थांबले आणि काही दिवसांतच जर्मनीत फोक्सवॅगन व बीएमडब्ल्यूच्या असेंब्ली लाइनी थंडावल्या. मोटारीतील हा नगण्य वाटणारा भाग किती हातांवर उभा आहे हे जगाला त्या मार्चमध्ये कळले. एका टोकाला पिन खोचणारे हात आहेत आणि दुसऱ्या टोकाला ती पिन सोडवू पाहणारे. आराखडा पहिल्या हातांच्या वेगासाठी आखला गेला. दुसऱ्या हातांची त्यात गणना नाही.

ती गणना व्हावी म्हणून आता कायद्याच्या वाटेने काही हालचाल दिसते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी मोठ्या बहुमताने मोटारदुरुस्तीच्या हक्काचा कायदा मंजूर केला. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू दिली जात नाहीत, हा त्यातील प्रमुख ठपका होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली व त्याच वर्षअखेरीस एक पोर्टलही सुरू केले. मोटारी हे त्यातील चार क्षेत्रांपैकी एक. ही पावले स्वागतार्ह आहेत. मात्र या चर्चा बहुधा स्कॅनर, सॉफ्टवेअर आणि मोठ्या सुट्या भागांभोवती फिरतात. काही रुपयांची पिन, तिचा कपलर आणि ती सोडवण्याचे हत्यार यांचा उच्चार फारसा कोणी करीत नाही, कारण त्यांना नावच नाही. मिस्त्री सगळ्यांना 'कपलर' म्हणतात, दुकानदार 'दोन पिनी', 'चार पिनी' म्हणतो, आणि कंपनीच्या यादीत ते 'वायरिंग' या एका शब्दात विरघळून गेलेले असतात. ज्या वस्तूला स्वतंत्र नाव नाही, ती मागताही येत नाही.

आम्ही वर्गात संधी शिकवतो. 'सूर्योदय' फोडून 'सूर्य' आणि 'उदय' करता येतो, कारण तो जोडताना कोणता नियम लागला हे व्याकरणात सर्वांसाठी लिहून ठेवले आहे. जोडणाराला आणि फोडणाराला एकच नियम उपलब्ध असतो. मोटारीच्या सांध्याबाबत आमचे मागणे याहून मोठे नाही. सील काढून टाका, लॉक काढून टाका, पुन्हा पितळी नट आणा असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे गेलेल्या काळाचे लाड होतील. पिन आणि कपलर सुटे विकावेत, त्यांचे क्रमांक वायरिंगच्या नकाशासह खुले असावेत, लॉक कोणत्या बाजूला येईल याचा विचार इंजिन गाडीत उतरल्यानंतरच्या स्थितीत व्हावा, आणि वायरीला एकदोन वेळा कापून पुन्हा जोडता येईल इतकी वितभर सूट ठेवावी. यापैकी एकाही गोष्टीला नवा शोध लागत नाही. लागतो तो फक्त, बारा वर्षांनंतर हे कोणीतरी उघडणार आहे याचा विसर न पडू देणे.

आमची मोटार अद्याप चालते आहे. मिस्त्रींनी बसवलेल्या कपलरवरील भंगारातल्या दोन वायरींचे रंग मूळच्या वायरींशी जुळत नाहीत. पुढे कोणी ते उघडील तेव्हा गोंधळू नये म्हणून त्यांनी स्लीववर कागदी पट्टी गुंडाळून तिच्यावर बॉलपेनने काहीतरी लिहिले आणि वरून पारदर्शक टेप मारला. आम्ही वाकून वाचले. कोणती वायर कोठे जाते हे त्यांनी मराठीत लिहून ठेवले होते.